एकटा गेला, तर फोटो कोणी काढला?

...आणि वर फोटो! नाही, तुम्हीच सांगा, माणूस डोंगरावर एकटा गेला, एकटा चढला, एकट्याने तंबू ठोकला, रात्रभर एकटा राहिला... मान्य! पण एकटा गेला, तर फोटो कोणी काढला? हा साधा प्रश्न आमच्या घरात एकालाही पडू नये?

हा कोण, ते सांगतो. आमचा साडू. बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. वय सदुसष्ट. जन्मभर कचेरीत खुर्चीवर बसला, उठला तो थेट पेन्शनवर. पोट असं, की आधी पोट घरात येतं, मग दार वाजतं. आणि हा माणूस डोंगरावर! फोटोत तंबूपुढे बसलाय, हातात चहाचा पेला आणि नजर कुठे? लांब! घरात समोरची वाटी दिसत नाही ह्याला, चष्मा लागतो!

तो फोटो बायकोने मोठा करून आणला आणि फ्रिजवर लावला. माझ्या फ्रिजवर! बेचाळीस वर्षांच्या संसारात माझा फोटो तिने कुठे लावला नाही. सकाळी दूध काढायला जावं, तर साडू. पाणी प्यायला जावं, तर साडू. आणि हिचं आपलं सुरू, "भाऊजी एकटे गेले हो! ह्या वयात! नाहीतर तुम्ही. दुकान ते घर, घर ते दुकान."

मी म्हटलं, "एकटा गेला, तर फोटो कोणी काढला?"

"जळतंय तुमचं," ती म्हणाली.

जळतंय? माझं? तुम्हाला सांगतो, मला राग आला तो तंबूचा. मी पंचेचाळीस वर्षं ताडपत्री शिवतो. गाड्यांची कव्हरं, दुकानांचे पडदे, स्कूटरची कव्हरं. शाळा चार बुकं, पण माझी टीप आजवर उसवलेली नाही. माझं कव्हर स्कूटरवर चढवलं, की वारा आत शिरायला वाट शोधत बसतो! आणि घरात असा माणूस असताना ह्याने तंबू आणला विकतचा. पिशवीतून काढला की छत्रीसारखा उघडतो म्हणे. छत्रीत झोपतात का?

ठरवलं. आपणही जायचं. त्याच डोंगरावर. पण खरोखर एकटं. फोटो नाही, काही नाही. माझा फोन बटणांचा, त्यात फोटो निघतच नाही. झाला पुरावा!

तंबू स्वतः शिवला. जाड ताडपत्री, दुहेरी टीप. कापायच्या टेबलावर उताणा झोपलो, बायकोला म्हटलं, घे माप. तिने फीत धरली आणि विचारलं, "गुडघ्यांना विचारलंत का, येणार आहेत का ते?" डोक्यापासून टाचेपर्यंत माप, खांद्याला खांद्याचं माप. सैल काही ठेवायचं नाही. कव्हर अंगासरशी बसलं पाहिजे, हा माझा धंद्याचा नियम.

वजन भरलं अकरा किलो. शेवटच्या थांब्यावर बसमधून उतरलो आणि चढायला लागलो. पहिला तास मी साडूला शिव्या दिल्या. दुसरा तास गुडघ्यांना. तिसऱ्या तासाला शिव्या द्यायलाही दम उरला नाही, तेव्हा माथा आला. आणि काय सांगू... चारी बाजूंनी नुसतं आभाळ. सूर्य खाली चाललेला. माझ्या तोंडून निघून गेलं, "अरे, बघ की!" कोणाला म्हणालो? शेजारी कोण होतं? धोंडा!

अंधार पडला, तंबूत शिरलो. शिरलो म्हणजे, पाय घातले, कंबर घातली, खांदे ढकलले. बसला! असा बसला, असा बसला, की स्कूटरवर काय बसेल! फक्त स्कूटर कूस बदलत नाही, हे शिवताना लक्षात आलं नव्हतं. नाक खाजलं. हात वर येईना. वारा सुटला, पण तंबू हलला नाही, शिवण कुरकुरली नाही. मीही हललो नाही. दहा तास! अभिमान वाटावा की रडावं, कळेना. आणि हे बघायला, सांगतो तुम्हाला, कोणीसुद्धा नाही!

उजाडलं, आणि बाहेरून कोणीतरी काठीने टोचलं.

"कोण आहे?" मी ओरडलो.

बाहेरचा दोन पावलं मागे उडाला. मेंढपाळ होता. म्हणाला, "आजोबा, आत माणूस आहे होय? मला वाटलं, कोणीतरी स्कूटर झाकून ठेवलीय. म्हटलं, इथवर चढवली कशी?"

त्याने मला पायांना धरून बाहेर ओढलं. पहिलं नाक खाजवलं. दुसरं, विचारलं, "मागे इथे एक पोटवाला आला होता. बरोबर कोण होतं?"

"तो? एकटाच होता. फोन दगडावर ठेवायचा, बटण दाबायचा आणि पळत जाऊन तंबूपुढे बसायचा. बसेपर्यंत फोटो निघून जायचा. नऊ वेळा पळाला. मग धापा टाकत मला म्हणाला, बाबा रे, तूच काढ."

घ्या! म्हणजे एकटा गेला होता. खरा.

"रात्रभर जागा होता बिचारा," तो पुढे म्हणाला. "तंबू फडफडत होता नुसता. सकाळी मला चहा दिला आणि सगळा वेळ कोणा साडूचंच सांगत होता. म्हणे, त्याने शिवला असता तर वारा आत शिरला नसता. त्यालाच बोलावणार होतो, पण तो हसला असता."

हसलो असतो? हसलोच असतो! पोट धरून हसलो असतो!

आता ह्याला काय म्हणावं? माणसाने एखाद्यावर जळायचं ठरवलं, तर समोरच्याने तरी नीट वागावं ना?

घरी आलो. बायको दारातच. "गेला होतात? खरंच? मग फोटो कुठाय?"

"एकटा गेलो होतो. फोटो कोण काढणार?"

"भाऊजींनी काढला की!"

संध्याकाळी साडूकडे गेलो, खिशातून फीत काढली आणि म्हटलं, "हात वर करा."

"कशाला हो, साडूभाऊ?"

"पोटाचं माप घ्यायचंय."

दोघांचा तंबू शिवतोय सध्या. ह्या वेळी दोन्ही बाजूंना वीतभर सैल सोडलंय. त्याच्या बाजूला दोन वीत. त्याचा फोटो मी काढणार, माझा तो काढणार, आणि माझा फ्रिजवर लागणार. अट एकच घातलीय. घरी कोणीही विचारलं, तरी दोघांनीही सांगायचं... एकटा गेलो होतो.