जिन्यातला जुना तुकडा

— नाही, नाही, ती वायर काढू नका अजून. कळलं मला तुमचं म्हणणं. माझ्या कॉम्प्युटरपासून भिंतीपर्यंत नवी, वेगवान कॅट सिक्स वायर, वर धाकट्या भावाच्या खोलीतही कॅट सिक्स, आणि मधे जिन्यात हा जुना, दबलेला कॅट फाइव्हचा तुकडा — म्हणजे सगळा कारभार त्या तुकड्याच्या वेगानं. दोन्हीकडची वायर कितीही चांगली असो, उपयोग शून्य. बरोबर ना? पाठ झालंय. तुमच्या आधी आलेला माणूसही हेच सांगून गेला — हे मात्र वर बोलू नका हं. भावाला मी सांगितलंय, कॉम्प्युटरच म्हातारा झालाय.

बसा हो — स्टुलावर नको, स्टूल त्याचं आहे, खुर्ची घ्या. आमचं काम कसं चालतं सांगते. वर तो शूटिंग कापतो, जोडतो, मग अख्खी फाइल माझ्याकडे पाठवतो, मी खाली आवाज बसवते. आता फाइल जायला लागली की त्याचं मशीन अडकतं, दुसरं काही करता येत नाही — मग काय करणार, खाली येतो. एरवी? एरवी दार बंद. बायको गेल्यापासून जेवणाचं ताटसुद्धा वर मागवतो. जिना चढून दार वाजवलं तर "काम चालू आहे, ताई" — झालं, बोलणं संपलं. पण फाइल चालू असली की इथे येऊन बसतो. "किती झाली गं?" मी म्हणते, चाललीय. मग चहा घेत बसतो. मी खोदत नाही. परवा असाच बसला होता आणि एकदम म्हणाला, "ती असती ना, तर ही दाढी बघून हसली असती मला." वर्षभरात पहिल्यांदा तिचा विषय काढला हो त्यानं. मी आपली कप धुतेय — धुतलेलाच कप धुतेय — वळले असते तर रडूच आलं असतं.

तोही वैतागलाय, खोटं कशाला बोलू. गिऱ्हाइकं खोळंबतात. म्हणतो, हे असंच रखडणार असेल तर मी मोठ्या स्टुडिओत जाऊन बसतो, तिकडेच खोली घेतो. तुम्हाला त्यानंच बोलावलंय, मी नाही. वायर बदलली तर खाली उतरायचा नाही, नाही बदलली तर घरातूनच जाईल. काय करू, सांगा — तुम्ही तरी काय सांगणार म्हणा, तुमचं काम वायरीचं.

बदला. बदलायलाच हवी, मलाही दिसतंय. घरात तरी राहील, दार बंद का असेना. पण थांबा — ही बघा, त्यानं फाइल सोडली. आता अर्धा तास तरी जाणार. पावलं वाजतायत, ऐकलंत? ती पक्कड पिशवीत टाका. वायर उद्या बदला. आज जा तुम्ही, मागच्या दारानं जा.