घासून पांढरी केलेली कढई

(हुबळी, दाजीबानपेठेतलं भांड्यांचं दुकान. नागेशअप्पांच्या मांडीवर गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी जड. शेजारी त्यांची लेक दीपश्री. समोर दुकानाच्या मालकीण इंदुमती.)

इंदुमती : ते राहू द्या. आधी सांगा, चूल घरात की बाहेर?

दीपश्री : बाहेर, अक्का. परसात, तीन दगडांवर. नवरात्रात देवीला बांधायच्या कडाकण्या, अख्ख्या गल्लीच्या, आमच्याकडेच तळतात. केबल आल्यापासून बायकांना घरी पीठ मळायचा कंटाळा, पण आमच्या परसात बरोबर जमतात.

नागेश : तुझ्या आईसाठी जमायच्या.

इंदुमती : मागच्या वर्षी?

दीपश्री : मागच्या वर्षी दुखवटा. आई श्रावणात गेली, मग वर्षभर कढई ठेवली नाही. आता वर्षश्राद्ध झालं. गल्लीतल्या जनाबाई विचारून गेल्या, यंदा तुमच्याकडे तळायचं ना म्हणून.

इंदुमती : मग ही ॲल्युमिनियमची बघा. हलकी, लगेच तापते.

दीपश्री : हीच घेऊ या, अप्पा. तुमच्या कमरेला हीच सोसेल.

नागेश : तापते तशी निवतेही लगेच. चार कडाकण्या सोडल्या की तेल गार. मग त्या तेल पीत बसतात.

इंदुमती : अप्पांना सगळं माहीत आहे की.

नागेश : मला कुठलं. ती म्हणायची.

इंदुमती : बरं, स्टील?

नागेश : ते जाळावर मधेच तापतं. मधली कडाकणी करपते, कडेची कच्ची.

इंदुमती : हेही त्याच म्हणायच्या?

नागेश : मी जाळ घालायचो, ती बोलायची. दुसरं काय ऐकणार?

दीपश्री : मग पितळेची घ्या. शोभेल तरी.

इंदुमती : बाई, लाकडाच्या जाळावर जरा कोरडी राहिली तर कल्हई वितळून खाली येईल. मला विकायला काय, पण पुढच्या नवरात्रात शिव्या देशील. राहिलं लोखंड.

नागेश : लोखंड आहे.

इंदुमती : कुठं?

दीपश्री : तेच तर मांडीवर घेऊन बसलेत. मोडीत द्यायला आणलंय, आणि बसमध्येसुद्धा खाली ठेवलं नाही. द्या ना, अप्पा.

नागेश : देतो. जड आहे, बेतानं धरा.

इंदुमती : अय्यो. ही अशी कुणी घासली?

दीपश्री : सुतक फिटलं तेव्हा आत्या आणि शेजारच्या तानूबाईंनी घरातली सगळी भांडी काढली. राख, चिंच, वीट. ही आतून खरवडायला त्यांची दुपार गेली.

नागेश : त्यांना काय बोलणार? मायेनंच घासली. बहीण दाखवायला घेऊन आली, बघ दादा, नव्यासारखी झाली.

इंदुमती : आणि मग वर्षभर तेल नाही. गंज चढणारच.

नागेश : तो काळा थर तिच्या तळणाचा होता. लग्नापासूनचा. साड्या वाटल्या, त्याचं काही नाही. कुणीतरी नेसतंय. हे मोरीतून गेलं.

दीपश्री : अप्पा, हे तुम्ही कधी बोलला नाहीत.

नागेश : नवी दाखवा, अक्का. लोखंडाचीच.

इंदुमती : दाखवते. पण ही मी मोडीत घेणार नाही. एवढा जाड पत्रा आता येत नाही. वाळूनं गंज काढा, तेल चोपडा, धूर निघेस्तोवर तापवा. पुन्हा चोपडा, पुन्हा तापवा. नवीलाही तेच करावं लागेल.

नागेश : आणि थर?

इंदुमती : तो येत नाही, अप्पा. तळत राहिलात तर दुसरा धरेल. पहिला घाणा मात्र चिकटणार. देवीला बांधायला एक अख्खी कडाकणी मिळायची नाही.

दीपश्री : गल्लीतल्या बायकांच्या देखत?

नागेश : तिचाही चिकटला होता.

दीपश्री : आईचा?

नागेश : कढई नवी, तीही नवी. पहिलंच नवरात्र. बायका बघतायत आणि झाऱ्यात नुसते तुकडे. रडकुंडीला आली होती.

इंदुमती : मग?

नागेश : मग मी खाल्ले. जाळ घालता घालता, सगळे.

इंदुमती : नैवेद्याच्या आधी?

नागेश : कुणाला दिसलं नाही. ती पदर आडवा धरून बसली होती. हसत होती आतल्या आत.

दीपश्री : द्या ती इकडे, अक्का. गोणपाटात बांधते.

इंदुमती : आणि यंदाचे तुकडे?

नागेश : ते मी खाईन. आडोशाला तेवढं कुणी नाही.