कोठीवर कोणी बसलं नव्हतं

सर्वात आधी उतरली ती मुलाची आत्या, वत्सलाबाई. जीप अजून मारुतीच्या पाराशी वळत होती, तोवर बाई पायीच आमच्या गल्लीत शिरली, पदर सावरत, दोन्ही बाजूंची घरं न्याहाळत. मला ती बघताक्षणी आवडली. पाहुण्यांनी असंच यावं, घाईघाईने. मागून मुलगा, त्याचे वडील आणि एक मामा आले. मामांच्या पांढऱ्या बुटांना गल्लीतला चिखल लागला होता, ते सारखे खालीच बघत होते.

हवालदार ताई म्हणतात, आधी नाव-गाव. बरं. मी जसोदाबाई धुडकू पाटील, वय अडुसष्ट, आधारकार्डावर एकाहत्तर आहे, तेच लिहा. शिक्षण तिसरी. धंदा घरकाम, कापूस वेचायला अजून जाते. राहणार कोरीट, तालुका जिल्हा नंदुरबार. आज सकाळच्या एसटीने एकटी पोलीस ठाण्यात आले. मला कोणी पाठवलं नाही, कोणी पढवलं नाही. समक्ष विचारल्यावरून जबाब देते की,

माझ्या घरात मुलगा हेमराज, सून आणि नात मयूरी असे राहतो. मयूरी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. शेजारी हेमकांत पाटील, त्यांची बायको रंजनाबाई आणि मुलगी हेमांगी राहतात. आमची भिंत एकच. त्यांच्याकडे मिरचीची फोडणी पडली की ठसका आमच्याकडे लागतो. हेमांगी आणि मयूरी पहिलीपासून एका वर्गात, आता एकाच एसटीने नंदुरबारला जातात. दोघींसाठी मुलं बघणं चालू आहे.

आमच्या समाजाच्या मंडळाची लग्न जुळवायची वेबसाइट आहे. ती उमाकांत चालवतो, त्याचा नंदुरबारला फोटो स्टुडिओ आहे. ज्या घरात लग्नाचा मुलगा किंवा मुलगी आहे, त्या घराला आपापला पासवर्ड मिळतो. मयूरीने नवा मोबाइल घेतला तेव्हा जुना मला दिला आणि त्यात तिच्या पासवर्डने ती वेबसाइट उघडून दिली. कोपऱ्यात काच फुटलेली आहे, पण चालतो. दुपारी भांडी झाली की मी चष्मा लावून बसायची. म्हसावदपासून सुरतेपर्यंतची पोरंपोरी माझ्या मांडीवर. एवढी करमणूक मला आयुष्यात झाली नव्हती. कोण कोणाचा भाचा, कोणाचं शिक्षण किती, सगळं एका बोटावर.

प्रत्येकाच्या माहितीखाली मला दोन बटणं दिसायची, ‘दुरुस्ती’ आणि ‘जमलं’. सगळ्यांच्याच पानावर दिसायची, म्हणून मला वाटलं सगळ्यांसाठी आहेत. आधी मी फक्त दुरुस्त्या केल्या. रनाळ्याच्या एका मुलाची उंची पाच फूट अकरा लिहिली होती. त्याचा बाप मी पाहिला आहे, आजा पाहिला आहे, त्या घरात कोणाचं डोकं चौकटीला लागत नाही. मी पाच सहा केली. एका मुलीच्या आवडीत नुसतं वाचन होतं, तिथे मी भाकरी पातळ करते असं घातलं, कारण मी ती खाल्ली आहे. कोणी काही बोललं नाही. ताई हसल्या, ते लिहू नका.

म्हसावदच्या पाहुण्यांनी हेमांगीला मागणी घातली होती. मुलगा पुण्याला कंपनीत, घरी केळीचा बाग. रविवारी बघायला येणार होते. हे रंजनाबाईने मला स्वतः भिंतीपलीकडून सांगितलं आणि माझी पितळी परात मागून नेली. त्यानंतर माझ्या कानावर आलं की हेमांगीचं दुसरीकडे जमलं. म्हणून मी तिच्या पानावरचं ‘जमलं’ दाबलं. झेंडूच्या माळेचं चित्र आलं आणि अभिनंदन असं आलं. ज्यांनी मागणी घातली आहे त्यांना त्याच वेळी निरोप जातो, हे मला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी म्हसावदहून हेमराजला फोन आला. तुमच्या मयूरीला बघायला रविवारी आलो तर चालेल का. हेमराजने हो म्हटलं. मी रवा भाजायला घेतला.

रविवारी पाहुणे बसले. मयूरीने पाणी दिलं. आमच्याकडे पाहुणे आले की शेजारची बाई मदतीला येते, तशी रंजनाबाई आली. तिच्याकडे पाहुणे का आले नाहीत हे तिला कळलं नव्हतं, तिने बिचारीने सकाळपासून वाट बघून दार लोटून घेतलं होतं. पण आमच्या दारात जीप बघितली आणि कर्तव्य म्हणून आली, माझीच परात परत घेऊन, त्यात पोह्याच्या बशा मांडून. त्याच वेळी वत्सलाबाई माझ्या सुनेला सांगत होत्या,

“आम्ही ते आधी हेमांगीले देखाले येणार व्हतूत. पण तिनं जमी गयं.”

रंजनाबाई परात घेऊन उभी राहिली.

“मन्ही पोरनं जमनं? कोठे? माले ते कोनी सांगं नही.”

वत्सलाबाईंनी मोबाइल काढून निरोप दाखवला. रंजनाबाईने परात खाली ठेवली. एकही बशी सांडली नाही. ती कोणाकडे न बघता निघून गेली. पाहुण्यांनी पोह्यांना हात लावला नाही. वत्सलाबाई दारात चपला घालताना म्हणाल्या की हे काय चाललंय ते नीट कळल्याशिवाय आम्ही या गावात कोणाकडेच पाय ठेवणार नाही. मामा बूट न पुसता जीपमध्ये बसले.

भिंतीपलीकडे त्या दिवशी फोडणी पडली नाही.

सोमवारी हेमकांतने तक्रार दिली. काल दुपारी ताई आणि सायबरच्या मॅडम आमच्या घरी आल्या. वेबसाइट कोणाच्या पासवर्डने काय दाबलं याची नोंद ठेवते, आणि ‘जमलं’ मयूरीच्या पासवर्डने दाबलं गेलं आहे, असं मॅडमनी सांगितलं. हेमराजचं तोंड उतरलं. मयूरीने एकदा माझ्याकडे बघितलं. मग मॅडमना म्हणाली, “मी केलं.”

तेव्हा मी चुलीपाशी होते. मी काही बोलले नाही.

मॅडमनी तिला आज ठाण्यात बोलावलं आहे. तिच्याआधी मी आले. तिचा जबाब लिहू नका. लग्नाची मुलगी आहे, तिचं नाव कागदावर येऊ देऊ नका. ते बटण माझ्या बोटाने दाबलं गेलं.

आज इथे उमाकांतही बसला होता, लॅपटॉप घेऊन. मी त्याला विचारलं की बटण दाबायचं नव्हतं तर दिसलं कशाला. त्याने समजावलं ते मला असं समजलं. ही बटणं त्याने स्वतः बनवली नव्हती. वेबसाइटला तयार जोड मिळतात, प्लगिन म्हणतात, त्यातला एक त्याने बसवला होता. त्या प्लगिनने दुसऱ्याच्या पानावरची बटणं नुसती झाकून ठेवली होती. नव्या मोबाइलमध्ये ती झाकलेली राहायची, माझ्या जुन्यात झाकण पडतच नव्हतं. पण खरी चूक झाकणाची नाही म्हणाला. बटण झाकलेलं असलं तरी जाणकार माणूस न दिसता ते दाबू शकतो. आत निरोप पोचल्यावर विचारायला पाहिजे, की बाई, हे पान तुझं आहे का. ते विचारलंच जात नव्हतं. पासवर्ड एकदा बरोबर दिला की पुढे सगळं मोकळं.

ताई, कोरीटमध्ये कोणाचंही लग्न असो, कोठीवर मी बसते. ज्या खोलीत लाडू, शेव, तूप, साखर ठेवतात ती कोठी. मांडवात कोणीही यावं, पोटभर जेवावं. पण कोठीच्या दारात मी विचारते, तू कोणाकडचा, काय पाहिजे, कोणी सांगितलं. दर खेपेला विचारते, मघाशी येऊन गेलेल्यालाही. नवरदेवाच्या मामाला मी रिकाम्या परातीने परत धाडलं आहे. माझे मालक असताना एकदा बँडवाल्यांसाठी लाडू मागायला आले. म्हणाले, मला ओळखत नाहीस का. मी म्हटलं, ओळखते म्हणूनच विचारते. गाव अजून हसतं त्यावर.

म्हणून मी उमाकांतला म्हटलं, मांडवाच्या दारात माणूस होता, कोठीवर कोणी बसलं नव्हतं, असंच ना.

“हो आजी. कोणीच नव्हतं,” तो म्हणाला आणि लॅपटॉपकडे बघत राहिला. प्लगिन बनवणाऱ्यांनी दुरुस्त केलेला नवा प्लगिन दिवाळीतच पाठवला होता. लग्नाच्या शूटिंगच्या गडबडीत याने तो टाकला नव्हता. ते त्याने मॅडमपुढे कबूल केलं. आता टाकला आहे. आता कोणतंही बटण दाबलं की पान कोणाचं ते आधी तपासलं जातं, आणि ते मोबाइलवर नाही, आत वेबसाइटवरच. मंडळाच्या सगळ्या लोकांकडे सगळ्या किल्ल्या होत्या, त्या काढून ज्याला जेवढं काम तेवढीच दिली. वापरात नसलेले जुने प्लगिन उपटून टाकले. मग त्याने साधा सभासद बनून दुसऱ्यांची पानं बदलून बघितली, एकही बदललं नाही. आधीची नक्कल जपलेली होती, त्यावरून सगळी पानं होती तशी केली. रनाळ्याचा मुलगा पुन्हा पाच अकरा झाला. तो तेवढा नाही, पण ते सांगणं माझं काम नाही.

मॅडम म्हणाल्या की वेबसाइटची चूक मोठी आहे आणि आजींना कळलं नव्हतं असं लिहिता येईल. बाई भली आहे. चहाही मागवला, साखर जास्त होती, मला तशीच आवडते. पण कोठीवर कोणी नसताना जो लाडू उचलतो त्याला आमच्याकडे काय म्हणतात, ते मला माहीत आहे. ते म्हणणारी मीच आहे.

वर लिहिलं आहे की हेमांगीचं जमल्याचं माझ्या कानावर आलं. ते खोडा. माझ्या कानावर काही आलं नव्हतं. मुलगा पुण्याला, केळीचा बाग, आणि परात मागताना रंजनाबाईचं तोंड असं उजळलेलं. त्या पानाखाली मयूरीचं पान होतं. यादीत कोरीटच्या दोनच मुली होत्या. मला कोणी अडवलं नाही. हे मयूरीला माहीत नव्हतं, पण काल तिने माझ्याकडे बघितलं तेव्हा तिला कळलं. तेव्हापासून ती माझ्याशी बोललेली नाही. सकाळी माझी पिशवी मात्र दारात भरून ठेवली होती, पाण्याची बाटली आणि आधारकार्ड घालून.

एवढं सांगून झाल्यावर जबाब मध्येच थांबवून ताईंच्या फोनवरून मी वत्सलाबाईंशी बोलले. सगळं सांगितलं, आत्ता खोडायला लावलं तेसुद्धा. हेमांगीचं कुठेही जमलेलं नाही, आणि रंजनाबाईने तुमच्यासाठी सकाळीच पोह्यांची तयारी करून ठेवली होती, हेही सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “जसोदाबाई, तुमना घर आम्ही आते येवाव नहीत.” मी म्हटलं, नका येऊ. मग त्यांनी दिवस सांगितला. तो मी हेमकांतच्या फोनवर ताईंकडूनच कळवला, माझा आवाज त्यांनी ऐकावा असं मला वाटलं नाही.

ताईंनी हे सगळं मला मोठ्याने वाचून दाखवलं. खोडलेलंही वाचलं. मी बोलले तेच यात आहे, जास्त नाही आणि आता कमीही नाही. अंगठा नको, सही करते, मला नाव लिहिता येतं.

एक विनंती लिहून घ्या. पुढची तारीख गुरुवारची देऊ नका. शेजारी पाहुणे असले की बाईला मदतीला जावं लागतं. रंजनाबाई मला हाक मारेल असं नाही, पण मारली तर मी घरात असायला पाहिजे. म्हसावदचे पाहुणे त्यांच्याकडे गुरुवारी येणार आहेत.