हाकेवरचं घर

मिरजेच्या दवाखान्यात संयोगिता आईच्या एक्स-रेसाठी बाकावर थांबली होती. शेजारी स्ट्रेचरवर सत्तरीचे एक आजोबा होते, पाय मांडीपर्यंत बँडेजात. त्यांच्याच वयाचे दुसरे आजोबा उशाशी उभे होते. दोघांचं बोलणं तिच्या कानावर येत होतं.

“भाऊसो, टॅक्टरचा गिअरबॉक्स एकट्यानं उतरवायचं हे वय हाय व्हय?”

“चाळीस वर्सं घरीच उतरवतूय की, गुंडा.”

“दोघं मिळून उतरवत हुतो. एका अंगाला तू, एका अंगाला मी.”

“जॅक सरकला. न्हाईतर झालंच हुतं.”

“डाक्टर काय म्हणत्यात?”

“गुडघ्याखालनं काढायचा म्हणत्यात.”

“किती येळ अडकून पडला हुतास?”

“आठाला पडलो. बायको मळ्यात गेलती. दुपारी पोस्टमन आला, त्यानं बगितलं.”

“माजं घर हाकेवर हाय. हाक का मारली न्हाईस?”

“जाऊ दे आता.”

“का मारली न्हाईस रं?”

“गेल्या साली क्लच बदलताना तुजं हात कापत हुतं. पाना दोनदा पडला. तुज्या तोंडाकडं बगवंना मला.”

“म्हणून बोलवायचं बंद केलंस?”

“बोलावलं असतं तर तू आला असतास, गड्या. न्हाई म्हणला नसतास.”

गुंडा आजोबांनी भाऊसोंच्या अंगावरची चादर नीट केली.

“मला वाटलं, तुला काय तरी लागंल असं बोलून बसलोय मी. वरीसभर आटवतूय, पण काय बोललो तेच आटवंना.”