कोलमनचा हात आणि पाचशे वर्षांचं दार

डिम्पना : ...वीस मिनिटं! काल संध्याकाळी हॉटेलच्या लिफ्टमध्ये तुम्ही दोघं माझे सख्खे भाऊ वीस मिनिटं नुसते उभे होतात. शेवटी ती सफाईवाली बाई आत आली म्हणून बाहेर तरी पडलात.

कोलमन : त्याला सांग, बटणं त्याच्या बाजूला होती.

फिंटन : त्याला सांग, खोलीचा नंबर त्याला माहीत होता. किल्ली त्याच्याकडे.

डिम्पना : तो इथेच उभा आहे, फिंटन! ऐकू येतंय त्याला! एका घरात राहता, एका टेबलावर जेवता, आणि अकरा वर्षं झाली, मीठ हवं असलं तरी मला मध्ये घालता. घरी लीट्रिममध्ये ठीक होतं, तिथं बघायला गाईच होत्या. इथं डब्लिनमध्ये लोक हसतात आपल्याला.

कोलमन : हसू देत. हे लोक लाल दिवा असताना रस्ता ओलांडतात. त्यांच्या हसण्याला काय किंमत द्यायची?

डिम्पना : सकाळी नाश्त्याला त्या पोरीला म्हणालास, 'माझ्यासमोर बसलेल्या इसमाला सांगा, टोस्ट संपवू नकोस.' तिला वाटलं, दोन अनोळखी पाहुण्यांचं भांडण झालंय. तिनं फिंटनला दुसरं टेबल देऊ केलं.

फिंटन : चांगलं होतं टेबल. खिडकीतून नदी दिसत होती.

डिम्पना : जाऊ दे. आता हे दार बघा. याच्यासाठी तुम्हाला या चर्चमध्ये आणलंय. इथं लिहिलंय ते वाचते, दोघांनीही ऐका. पाचशे वर्षांपूर्वी दोन सरदारांचं भांडण झालं. एक जण माणसं घेऊन आत लपला आणि दार लावून बसला. दुसरा बाहेरून ओरडतोय, चल, मिटवून टाकू. आतल्याला खरं वाटेना. तेव्हा बाहेरच्यानं या फळ्यांना भोक पाडलं आणि आपला हात आत घातला. आतला तो हात तलवारीनं छाटू शकला असता. त्यानं तो धरला. भांडण मिटलं. हे तेच दार, हे तेच भोक.

कोलमन : थाप आहे.

डिम्पना : कसली थाप?

कोलमन : एवढ्याशा भोकातून हात जाणारच नाही. सरदाराचा तर नाहीच. चांगला पोसलेला असणार तो. डब्लिनवाले काहीही लिहून लावतात आणि पाहुणे माना डोलवतात.

फिंटन : त्याला सांग, पूर्वी माणसं बारीक होती.

कोलमन : त्याला सांग, बारीक होती तर चिलखत कोणाला बसायचं? थांब, मी दाखवतोच.

डिम्पना : कोलमन, दोरी बांधली आहे, आत जायचं नाही. कोलमन! निदान कोट तरी काढ!

कोलमन : कोट कशाला काढायचा? सरदारानं काढला होता का? हे बघ. मनगट गेलं. बाही गेली... कोपर... गेलं की. जातोय हात.

फिंटन : त्याला सांग, आता ही थाप आहे असं म्हणू नको.

डिम्पना : तूच सांग त्याला, फिंटन! कोलमन, झालं ना? काढ आता हात.

कोलमन : हो, काढतो.

डिम्पना : काढ.

कोलमन : काढतोय ना.

डिम्पना : कोलमन?

कोलमन : घाई नको करू. बाही जरा गोळा झालीय.

डिम्पना : अरे देवा. ओढू नकोस! दार हलतंय! पाचशे वर्षांचं आहे ते!

कोलमन : माझा हात एकाहत्तर वर्षांचा आहे, त्याचं कोणाला काही आहे का?

डिम्पना : थांब, तो रखवालदार येतोय. मी बोलते... हो, हो, माझा भाऊ. नाही, मुद्दाम नाही. म्हणजे मुद्दाम, पण अडकवायला नाही... कोलमन, ते म्हणतात, दार कापता येणार नाही. राष्ट्रीय ठेवा आहे, वरून लेखी परवानगी लागते, आणि वरचे साहेब सोमवारी येतात.

कोलमन : सोमवारी!

डिम्पना : कोट कापता येईल म्हणतात.

कोलमन : बाबांचा कोट आहे हा. याला कात्री लागणार नाही.

डिम्पना : आणि एक कागद भरायचाय. 'अपघाताचं कारण' असं विचारलंय. काय लिहू?

फिंटन : स्वभाव.

कोलमन : त्याला सांग, माझा हात पलीकडे मोकळा आहे. तिकडे सापडला तर कान उपटीन.

डिम्पना : लिहिते, 'कुतूहल.' झालं. रखवालदार अग्निशमनवाल्यांना फोन करायला गेले. बरं. कोलमन, तुला आता कुठे जाता येत नाही. फिंटन, तू पण या खांबापाशी उभा राहा, पळू नकोस. मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय. लीट्रिमपासून इथपर्यंत आगगाडीत तीन वेळा सुरुवात केली. दर वेळी एक तरी जण उठून डब्याच्या दाराशी जायचा.

कोलमन : आत्ताच सांगायचंय? असं?

डिम्पना : असंच. मी लग्न करतेय.

फिंटन : कोणाचं?

डिम्पना : माझं! माझं लग्न! मॅलकीशी. बस चालवायचा तो. बायको जाऊन सहा वर्षं झाली त्याची. ॲथलोनला घर आहे. ऑक्टोबरात लग्न, आणि मी तिकडेच राहणार.

कोलमन : बासष्टाव्या वर्षी!

डिम्पना : त्रेसष्टाव्या. वाढदिवस तुम्ही दोघंही विसरलात. प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्यानं केक आणला असेल.

कोलमन : त्याला विचार, त्याला हे माहीत होतं का?

डिम्पना : तूच विचार.

कोलमन : त्याला विचार—

डिम्पना : नाही. आता नाही. ऑक्टोबरनंतर कोण विचारणार आहे? गाय अडली तर कोण सांगायला येईल? तू जिन्यावरून पडलास तर तो पायरीवर बसून मी ॲथलोनहून येईपर्यंत थांबणार आहे का? सात महिने मी मॅलकीला नाही म्हणत होते ते याच भीतीनं. त्याला वाटलं, मला तो आवडत नाही. आवडतो रे. मला फक्त कोणीतरी एकदा सकाळी उठून 'डिम्पना, बरी आहेस का' असं माझ्याशी, माझ्यासाठी बोलावं असं वाटतं. निरोप नकोत मला. मी पोस्टमन नाही.

फिंटन : डिम्पना...

डिम्पना : मी चालले हाताला चोळायला लोणी आणायला. चहाच्या दुकानात असेल. येईपर्यंत बसा असेच.

(ती जाते. दाराच्या एका बाजूला कोलमन, खांद्यापर्यंत अडकलेला. फिंटन खांबापाशी. सहलीला आलेले लोक दाराच्या पलीकडच्या बाजूला जमू लागतात.)

कोलमन : ...अहो. अहो, कोण आहे पलीकडे? कोणीतरी माझा हात हलवतंय! सोडा! बाई, मी सरदार नाही! मी लीट्रिमचा आहे, गाई पाळतो... आता दुसरं कोणीतरी. लहान मूल दिसतंय. हात चिकट आहे. आणखी एक. अहो, रांग लागलीय का तिकडे? रखवालदार! यांना सांगा, हा कार्यक्रम नाही! बाई, फोटो नका काढू. थँक्यू काय? कशाबद्दल थँक्यू?... हे कोण? काहीतरी दिलं हातात. टॉफी आहे. बरं, ठीक आहे, ठेवून घेतो. आता कोण? हा हात खरखरीत आहे. हा कोणी पाहुणा नाही. अंगठा... एक, दोन, तीन, साडेतीन... करंगळी अर्धीच आहे. गवत बांधायच्या यंत्रात गेली होती ती. मी ट्रॅक्टरवर बसवून दवाखान्यात नेलं. वाटभर शिव्या देत होता मला, हळू चालव म्हणून. रांगेत उभा राहिलास? डोकं फिरलंय का तुझं?

फिंटन : डिम्पना नाही इथं. अरे दारा, तूच त्याला सांग, लोक आधीपासून उभे होते. मध्ये घुसणं बरं दिसत नाही.

कोलमन : दारा, त्याला विचार, हात कशाला धरला?

फिंटन : दारा, त्याला सांग, ती खरंच जाणार आहे.

कोलमन : ते कळलंय मला.

फिंटन : मग झालं.

कोलमन : झालं काय? दारा, त्याला सांग, मी बोलायला तयार आहे. अकरा वर्षांपूर्वीही होतो. एकच प्रश्न विचारला होता. आई गेली तेव्हा मी फादरना आणायला गेलो होतो. परत आलो, तर ती गेलेली. खोलीत हाच होता. मी विचारलं, शेवटी काय म्हणाली? हा म्हणतो, काही नाही. ती काही म्हणणार नाही? आयुष्यात गप्प बसली नाही ती बाई. माझ्यासाठी काहीतरी म्हणाली असणार. यानं ते स्वतःपाशी ठेवलं.

फिंटन : दारा...

कोलमन : बोल ना.

फिंटन : दारा, त्याला सांग, तो गेल्यावर ती म्हणाली, 'कोलमननं फाटक उघडं टाकलं. वासरं रस्त्यावर जातील. जा, लाव.'

कोलमन : ...मी?

फिंटन : घाईत गेलास. उघडंच राहिलं. मी म्हटलं, जाऊ दे आई. ती ऐकेना. जा म्हणाली. मग गेलो. वासरं पार चौकापर्यंत पोचली होती. आणायला अर्धा तास लागला.

कोलमन : आणि आई?

फिंटन : आलो, तर गेली होती.

कोलमन : म्हणजे तिथं कोणीच नव्हतं.

फिंटन : मांजर होतं. पायाशी.

कोलमन : फिंटन.

फिंटन : शेवटी काय म्हणाली, मला माहीत नाही रे. खरंच माहीत नाही. आणि तुझ्यामुळे झालं असं सांगितलं असतं, तर तू ते फाटक उखडून टाकलं असतंस. आणि माझ्यामुळे झालं असं सांगायची माझी हिंमत नव्हती. म्हणून म्हटलं, काही नाही.

कोलमन : वासरं सगळी मिळाली का पण?

फिंटन : सगळी. नऊच्या नऊ.

कोलमन : मग ती खूश असेल.

फिंटन : असेल.

कोलमन : गाढव आहेस तू. अकरा वर्षं मला वाटत होतं, तिनं जाताना माझं नाव घेतलं.

फिंटन : घेतलंच की. 'कोलमननं फाटक उघडं टाकलं.'

कोलमन : ...हसवू नकोस. हात दुखतो.

फिंटन : थांब. हे काय आहे इथं? घड्याळ! घड्याळ बाहीच्या वर सरकलंय, ते अडतंय. इतके लोक हात हलवून गेले, एकालाही दिसलं नाही.

कोलमन : पाहुणे ते. त्यांना काय दिसणार!

फिंटन : पट्टा काढतो. हात सैल सोड. सैल! गाईचं वासरू ओढल्यासारखा जोर नको लावू. बाही मी इकडून दाबतो... आता.

कोलमन : निघाला. अरे, निघाला!

फिंटन : कोट शाबूत आहे?

कोलमन : एक बटण गेलं. आई गं... नाही, काही नाही. मुंग्या आल्यात. इकडे ये, बस बाकावर. टॉफी घे अर्धी.

डिम्पना : लोणी नाही म्हणाले, मार्जरीन आणलंय, आणि बाहेर अग्निशमनची गाडी शिडी लावतेय, का ते मला माहीत नाही, त्यांना कोणीतरी मनोऱ्यावर माणूस अडकलाय असं सांगितलंय वाटतं... कोलमन? तुझा हात?

कोलमन : आला.

डिम्पना : कसा?

फिंटन : घड्याळ काढलं.

डिम्पना : कोणी?

कोलमन : यानं.

डिम्पना : तू त्याला 'यानं' म्हणालास. 'त्याला सांग' नाही म्हणालास. आणि तुम्ही दोघं एका बाकावर बसलात. तुझे डोळे का लाल झालेत? फिंटन, तुझेही. मारामारी केलीत का चर्चमध्ये?

कोलमन : नाही. आईचं बोलत होतो. तुला घरी गेल्यावर सांगतो. सगळं सांगतो.

फिंटन : मी सांगतो. ते मी सांगायचंय.

कोलमन : बरं, तू सांग.

डिम्पना : हे स्वप्न आहे का? मार्जरीनचं काय करू आता?

कोलमन : डिम्पना, बरी आहेस का?

डिम्पना : ...आहे. आता रडवू नकोस. अग्निशमनवाले आत येतील.

कोलमन : हा मॅलकी. बस चालवायचा म्हणालीस. वेळेवर चालवायचा का?

डिम्पना : त्याच्या वेळेवर लोक घड्याळं लावायचे.

फिंटन : मग चालेल.

कोलमन : लग्नाला चर्चमध्ये तुझा हात धरून कोण चालणार? बाबा नाहीत. हा चालेल. याचा सूट बरा आहे.

फिंटन : थोरला तू आहेस. तू चाल.

कोलमन : नको, मी चालताना खोकतो.

फिंटन : मग दोघं चालू. एकेका बाजूला.

डिम्पना : म्हणजे पुन्हा मी तुमच्या मध्ये!

फिंटन : वेदीपर्यंतच.