पस्तीस वर्षांची चांगली वागणूक

वडिलांना जाऊन महिना झाला होता. वारसाच्या दाखल्यासाठी एक बाई कोर्टाच्या व्हरांड्यात बसली होती. तिच्या शेजारच्या बाकावर दोन अनोळखी बहिणी बोलत होत्या.

“ताई, पोहण्याच्या सरांना आज शिक्षा सांगणारच ना?”

“सर म्हणू नकोस त्याला.”

“सवय गं. किती वर्षं होतील?”

“गुन्हा घडला तेव्हाचा कायदा लावतात. त्यात जास्तीत जास्त सात.”

“आणि आता कुणी केलं तर?”

“जन्मठेपसुद्धा. पण मी तेव्हा अकराची होते, त्याला काय करणार?”

“त्याचा वकील वय पुढे करणार. म्हणे गुडघे गेलेत.”

“माझेही गेलेत.”

“हसवू नकोस. आणि पस्तीस वर्षांत एकही तक्रार नाही, हे त्याच्या बाजूनं धरतील?”

“धरू शकतात. चांगली वागणूक म्हणून.”

“तू गप्प बसलीस म्हणून तक्रार नव्हती.”

“तेच मी आज कोर्टात वाचायच्या निवेदनात लिहिलं होतं. ‘ती पस्तीस वर्षं माझ्या गप्प बसण्याची आहेत, त्याच्या चांगुलपणाची नाहीत.’ सरकारी वकीलबाई म्हणाल्या, युक्तिवाद आमच्यावर सोडा, तुम्ही फक्त तुम्हाला काय सोसावं लागलं ते वाचा.”

“मग?”

“मग काढलं ते वाक्य.”

दार उघडून शिपायानं ताईचं नाव पुकारलं. ताई उठली, दोन पावलं गेली आणि थांबली.

“पेन आहे का गं?”

“आहे.”

“दे. आणि पाठ कर इकडे, कागद टेकवून लिहिते.”

“मोठ्या अक्षरात लिही, ताई. नाहीतर वाचताना अडखळशील.”