त्रेचाळीस प्रश्नांची वही

...नाही, तुम्हीच सांगा, त्रेचाळीस प्रश्न कमी आहेत का हो? माझं कामच ते! घरात म्हातारं माणूस एकटं, मुलं लांब नोकरीला, अशांना लातूर-नांदेडकडं छोटी, घरगुती वृद्ध निवासं शोधून द्यायची. आणि मी जन्माची घाबरट, त्यात तीन वर्षांच्या पोरीची आई, म्हणून वहीच केली. न्हाणीत धरायला दांडी आहे का? रात्री बाई जागी असते का? डॉक्टर किती मिनिटांत येतो? एक प्रश्न सुटायला नको... आणि तरी सुटतोच!

देवणीच्या गुरम्मा. वय अठ्ठ्याहत्तर, न्हाणीत दोनदा पडलेल्या. मुलगा बसवराज बिलोलीला मास्तर, पण तिकडं जायचं नाव नाही. "ह्येची बदली झाली की मला बी उचलायचं? मी काय कपाट हाय?" दोन निवासं नापास करून झालेली. एका ठिकाणी काय म्हणाल्या, तर "हितं लई गप गप हाय!" तिसरं हे लातूरचं, नीलाबाईंचं. तेही नापास झालं तर परत देवणी, परत एकट्या, परत तीच न्हाणी! बसवराज माझ्या कानात, "मॅडम, एवढं जमवाच."

मी वही उघडली. दांडी? आहे. बाई? आहे. डॉक्टर? पुढच्याच गल्लीत. मधेमधे घरी फोन, पोर सासूबाईंकडं ना... "आई, रुद्राणी जेवली का? घास अडकला नाही ना?" तिकडून सासूबाई, "जेवली, झोपली, आन तुझ्या फोननं उठली!" असो. तर तुम्हाला सांगते, त्रेचाळीसच्या त्रेचाळीस बरोबर! माझा ऊर भरून आला... आणि गुरम्मांनी पदर सावरून विचारलं, "येळवसला कुठं जेवता?"

घ्या! माझ्या वहीत हा प्रश्नच नव्हता!

येळवस म्हणजे वेळ अमावस्या, त्या दिवशी लातुरात घरी कोण जेवतं? अख्खं गाव कुलूप लावून शेतात! आणि नीलाबाई, भोळी बाई, म्हणते, "इथंच की, टेबलावर. भज्जी, आंबिल, उंडे, समदं करतो..."

"टेबलावर?" गुरम्मा उठल्याच. "बसवा, चल. येळवसला टेबलावर जेवायला मी काय सायबीन हाय?"

नीलाबाई म्हणतात, आठ म्हातारी माणसं शेतात न्यायची कशी, कुणी पडलं तर? मी जोरजोरात मान डोलावते, आमचा प्रश्न क्रमांक नऊ! तेवढ्यात कोपऱ्यातून ग्यानोबा, जे कुणाशी बोलतच नाहीत म्हणे, ते बोलले, "माझं शेत हाय की. औशाच्या रस्त्याला. पोरानं बटईनं कसायला दिलंय. सा येळवशी झाल्या, मला कुणी न्हेलं न्हाई."

गुरम्मा परत खाली बसल्या. "न्हेलं तर ऱ्हाते."

मग टेम्पो कुणी ठरवला? मीच! खुर्च्या, छत्र्या, मलमं, गोळ्या, एवढं सामान तर मी लग्नात आणलं नव्हतं! रुद्राणी नि सासूबाई पण बरोबर, येळवसला त्यांना घरी ठेवते होय? आणि आठातलं एकही पडलं नाही हो! पडलं कोण? मी! बांधावरून, थेट ढेकळात! गुरम्मा हसून हसून, "माय माय, हिलाच दांडी लावा गं!"

ग्यानोबांनी शेतात पूजेला उभारलेल्या कडब्याच्या कोपीपुढं हात जोडले, तांब्याभर आंबिल प्याले, आणि सहा वर्षांचं साठलेलं सगळं हरभऱ्याशी बोलून घेतलं. गुरम्मा म्हणाल्या, "बसवा, माझी पेटी आन हिकडंच." बसवराजनं डोळे पुसले, मीही पुसले. म्हटलं, जमलं बाई!

तेवढ्यात सासूबाई, सतरंजीवर पाय पसरून, उंडा खात, नीलाबाईंना, "एखादी खाट रिकामी हाय का वो?"

मी हसले. त्या हसल्या नाहीत!

"अहो आई, घरी तुम्हाला काय कमी आहे?"

"कमी कायबी न्हाई. फोन जास्ती हाय. आन तूच म्हनलीस की, त्रेचाळीसच्या त्रेचाळीस बरोबर!"

"पण मग रुद्राणीला कोण सांभाळणार?"

"पाळणाघर बघ की एखादं चांगलं. वही हाय तुझ्याकडं."

बघते आहे, काय करता! नवी वही केली, अडुसष्ट प्रश्न. चार पाळणाघरं झाली. आणि तुम्हाला सांगते, चारही बायांनी मी तोंड उघडायच्या आत मलाच विचारलं, "मॅडम, दिवसातून किती वेळा फोन कराल?"

...माझ्या वहीत हाही प्रश्न नव्हता!